प्रार्थनेचं शेपूट

आमच्या गावात ख्रिस्ती माणसाला पंथ कोणी विचारत नसे. ‘कोणत्या साहेबाचा?’ असं विचारत. अमेरिकन साहेबाचा, एसपीजीचा, की रोमन फादरचा? गाव राहुरी-नेवासे पट्ट्यातलं. हे सांगणारे माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मास्तरकीची सवय अशी, की कुठलीही गोष्ट सांगताना साल, तालुका आणि कोण कोणाचा मेहुणा, हे तिन्ही यायलाच हवं.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची एसपीजी ही संस्था १८७०च्या दशकात त्याच मुलखात उतरली, आणि अमेरिकनांना ते मुळीच रुचलं नाही. त्याच सुमाराला केंदळ-वळणच्या बाजूला जर्मन जेझुइट फादर येऊ लागले. त्यात मोठा दुष्काळ. नानांचे आजोबा तीन भावांतले थोरले. ते अमेरिकन मिशनमध्ये गेले, मधला एसपीजीत आणि धाकटा रोमन झाला, कारण त्याची सासुरवाडी वळणची. धर्मशास्त्राचा यात संबंध किती, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, “संबंध होता ना. तिघांनाही माणूस म्हणून ओसरीवर बसवून घेणारं पहिलं कोणीतरी भेटलं, हे धर्मशास्त्रच की.”

साहेब लोक एकमेकांविरुद्ध तक्रारीची पत्रं लिहीत. इकडे तिघा भावांची विहीर एक, भावकी एक, मयताला खांदा देणारी माणसं तीच. नानांच्या वडिलांकडे ‘ज्ञानोदय’ यायचं, १८४२ पासून चालू असलेलं अमेरिकन मिशनचं पत्र. चुलत घरी यायचा ‘निरोप्या’, जेझुइट फादरांनी १९०३ साली काढलेला. वाचून झालं की अंकांची अदलाबदल व्हायची. फादरांना हे माहीत नव्हतं आणि पाळकांनाही नव्हतं. ऐक्याच्या परिषदा पुढे पुष्कळ झाल्या. आमच्या गावात ती अदलाबदल आधीच चालू होती, आणि तिला कोणी नाव दिलं नव्हतं म्हणूनच बहुधा ती टिकली.

नानांची आई, म्हणजे माझी पणजी, मुक्तीची. १९००च्या दुष्काळात आईबाप गेले आणि ती केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात वाढली. १९०५ साली तिथे संजीवन आलं, तेव्हा ती पोरच होती. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्यानं, रडत-गात प्रार्थना करायच्या, तासन्‌तास. ती सवय घेऊन पणजी लग्न होऊन नगरकडच्या मंडळीत आली. तिथली पद्धत अशी, की पाळकसाहेबांनी प्रार्थना करायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी ‘आमेन’ म्हणायचं. पणजी मधेच मोठ्यानं सुरू व्हायची. पाळकसाहेब थांबायचे, लोक वळून बघायचे. शेवटी मंडळीच्या पंचांनी पणजोबांना बोलावून समज दिली. पणजी चर्चमध्ये गप्प बसू लागली आणि पहाटे जात्यावर बसून मनसोक्त प्रार्थना करू लागली. नानांना लहानपणी या आवाजाची लाज वाटायची. रमाबाईंवर मात्र त्यांची अपार श्रद्धा. त्यांचं म्हणणं, वेगवेगळ्या चर्चांनी एकमेकांकडून काय घ्यावं हे बघायचं असेल तर परिसंवाद कशाला हवेत, बाईंचं चरित्र वाचा.

यात तथ्य आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन पद्धतीनं झाला. तिथल्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, शिकवलं. पण केवळ चर्च सांगतं म्हणून एखादं मत मान्य करायला बाई तयार नव्हत्या. त्या जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात हा वाद किती जोरात चाललाय ते दिसतं. तरीही त्याच जोगिणींनी लंडनच्या फुलहॅम भागात ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं, ते मनात ठेवलं आणि पुढे केडगावात तशा बायकांसाठी कृपासदन काढलं. मत घेतलं नाही, काम घेतलं. अमेरिकेत गेल्या तेव्हा तिथल्या अनेक चर्चांची माणसं मदतीला आली. मुक्तीत १९०५ साली जे घडलं ते तर वाँटेजच्या शिस्तीत कुठेच बसणारं नव्हतं. तेही बाईंनी थांबवलं नाही.

माझं लग्न वसईत झालं, १९७९ साली, कॅथलिक घरात. पोपचा प्रश्न दोन्हीकडच्यांनी आवाज चढवून चर्चिला. खरा प्रश्न पोपचा नव्हताच, वाडा कुठला हा होता. नगरकडचे बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले, वसईच्या ख्रिस्ती समाजात आपापल्या जुन्या जातींच्या खुणा अजून जपलेल्या. पंथभेदाच्या गप्पांआड जात किती सोयीनं लपते हे तेव्हा दोन्ही घरांनी एकमेकांकडून शिकून घेतलं असतं तर बरं झालं असतं. ते काम माझ्या आजेसासूनं केलं. घरात सगळे तिला मोठी आई म्हणत. ती वसईच्या कादोडी बोलीत बोलायची. मी तिचं बोलणं इथे साध्या मराठीत लिहितेय, त्यामुळे त्यातला अर्धा ठसका गेलाच म्हणून समजा. पहिल्या बैठकीत ती एवढंच म्हणाली, “पोरगी वाचते, गाते, आणि शेतात उतरायला लाजत नाही. अजून काय विचारायचंय?” पुढचे प्रश्न विचारले गेले नाहीत.

चर्चमध्ये नाव लिहायला गेलो तेव्हा फादरांनी माझा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. नाना ताठ झाले. त्यांना वाटलं, आता पोरीला पुन्हा पाणी घालणार. फादरांनी शांतपणे दोनच गोष्टी विचारल्या: पाणी वापरलं होतं का, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा झाला होता का? झाला असेल तर तो झाला. कॅथलिक चर्च तो पुन्हा करत नाही. मुलांना कॅथलिक संस्कारात वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढं करीन, असं वचन नवऱ्यानं दिलं. रोमनं १९७०च्या आसपास नियम सैल केले नसते तर ते वचन मलाही द्यावं लागलं असतं. नाना बाहेर येऊन म्हणाले, “आपला बाप्तिस्मा यांच्याकडे चालतो, हे मला पासष्ट वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.” त्यांचा राग आता फादरांवरून आपल्याच पाळकांवर गेला होता.

आणि मग मिस्सा. प्रभूची प्रार्थना आली. नानांचा आवाज पहाडी, फाटकापर्यंत जाणारा. सगळे म्हणत होते, नानाही म्हणत होते. कॅथलिक लोक ती प्रार्थना वाइटापासून सोडवण्याच्या मागणीवर थांबवतात. प्रॉटेस्टंट पुढे राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांची ओळ जोडतात. सगळं चर्च थांबलं आणि नाना एकटेच पुढे गेले. शेवटच्या शब्दापर्यंत. आमेनसकट. माझ्या धाकट्या दिरानं हसू दाबण्यासाठी रुमाल तोंडात कोंबला. फादरांनी नानांचं होऊ दिलं, मग आपली ठरलेली छोटी प्रार्थना म्हटली, आणि ती संपताच अख्खं चर्च एका सुरात म्हणू लागलं, तीच ओळ, राज्य, सामर्थ्य आणि गौरवाची! नाना मागे वळून माझ्या आईला म्हणाले, आणि त्यांचं कुजबुजणंही तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचं: “आले बघ शेवटी.”

नंतर त्यांनी याचा पिच्छा पुरवला, कारण मास्तर. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही ओळ सापडत नाही. पण ‘डिडाखे’ या अगदी आरंभीच्या काळातल्या लहानशा ख्रिस्ती पुस्तकात तिचं एक रूप आहे, म्हणजे लोक प्रार्थनेच्या शेवटी ती म्हणतच असावेत. प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ती आली आणि रुळली. कॅथलिकांनी ती लोकांच्या तोंडी दिली १९६९च्या नव्या मिस्साविधीत, फादरांच्या प्रार्थनेनंतर. म्हणजे नानांच्या आधी रोममध्ये कोणीतरी आमचं शेपूट जोडून घेतलंच होतं. आमच्या घरी मात्र ही गोष्ट नानांनी वसईला शिकवलं अशीच सांगितली जाते.

मोठ्या आईच्या गोष्टींना साल नसायचं. “फिरंगी गेले तेव्हा” एवढंच. म्हणजे १७३९, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला ते वर्ष. युरोपातले फादर गेले, मोठमोठी चर्चेस ओस पडली. राहिले ते मोजके इथलेच धर्मगुरू आणि गावोगावचे लोक. त्यांच्या हातात बायबल नव्हतं, आणि असतं तरी वाचणार कोण? क्रूस होते, वाटेवर, शेताच्या कडेला, विहिरीपाशी. त्यांच्यापुढे संध्याकाळी दिवा लावायचा, लादीन म्हणायची, घरी रोझरी. “देव तोंडपाठ होता,” मोठी आई म्हणायची. लॅटिन मिस्साला ती लहानपणापासून गेली. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. काय चाललंय ते कळायचं नाही, म्हणून बायका खाली बसून आपली माळ ओढायच्या. घंटी वाजली की मान वर करायची. लॅटिन उत्तरं तिला शेवटपर्यंत पाठ होती, अर्थ एकाचाही माहीत नव्हता, आणि याचं तिला काही वाटतही नव्हतं.

नाना हे ऐकून आधी हादरले. त्यांच्या घरी रोज रात्री एक अध्याय वाचला जायचा, वंशावळीसुद्धा वगळायची नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचायला शिकवायचं, ही मिशनची रीत; नगर जिल्ह्यातल्या वाड्यांमधून दोन पिढ्यांत शिक्षक, परिचारिका, कारकून निघाले ते त्यामुळेच. पण मोठी आई आजारी असताना पडल्या पडल्या पुटपुटायची, आणि तिला पुस्तक लागायचं नाही, चष्मा लागायचा नाही. नानांना मोतीबिंदू झाला त्या वर्षी त्यांनी हे बरोबर हेरलं. वाचता येईना तेव्हा जवळ काय उरलं याचा त्यांनी हिशेब केला आणि स्तोत्रं पाठ करायला घेतली. साठी ओलांडलेला मास्तर खाटेवर बसून पोरासारखी घोकंपट्टी करायचा. नात वाचून दाखवायची, चुकलं की टोकायची.

उलट दिशेनंही बरंच काही गेलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला मोकळीक दिली. लॅटिन हळूहळू गेलं, मराठी आलं. पण मराठीत गायचं काय? फादरांनी गाणी रचली, भाषांतरं केली, आणि बघता बघता नारायण वामन टिळकांची भजनं मिस्सात शिरली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, मुंबईत, अमेरिकन मिशनमध्ये. म्हणजे माणूस पक्का आमच्याकडचा. पण त्यांची भजनं तरी ‘आमची’ कुठे होती? नगरला कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हा मराठी कीर्तनातलं सगळं उचललं: वीणा, टाळ, मृदंग, पूर्वरंग-उत्तररंग. त्याआधी मंडळीत इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून गात. टिळकांची वाट या कीर्तनामुळे मोकळी झाली. मी मोठ्या आईला एकदा सांगितलं, की तू गुणगुणतेस ते गाणं प्रॉटेस्टंट माणसाचं आहे. ती भाजी निवडत होती. “असेल,” म्हणाली. “देवाला ते कळलेलं दिसत नाही.”

टिळकांनी अखेरच्या काळात, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, कुठल्याही चर्चचे लोक त्यात चालणार होते. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार विरला. मला वाटतं तो संस्था म्हणून उभा राहिला असता तर त्याचाही एक पंथ झाला असता.

याहून गमतीची गोष्ट फादर थॉमस स्टीफन्सची. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्यानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत लिहिलं. ते १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. लोकभाषेत, लोकछंदात देवाची कथा सांगण्याचं कॅथलिकांनी साडेतीनशे वर्षं आधी करून ठेवलं होतं. वसईच्या आमच्या घरात मात्र त्याचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं. नानांकडे शांताराम बंडेलूंनी १९५६ साली देवनागरीत आणलेली आवृत्ती होती. ती त्यांनी येताना पिशवीत घालून आणली आणि मोठ्या आईपुढे ठेवली. एका जेझुइटाचं पुराण कॅथलिक बाईला प्रॉटेस्टंट मास्तरानं वाचून दाखवलं, ओसरीवर, चार संध्याकाळ. बदल्यात त्यांना सुकेळ्यांचा डबा मिळाला. पुढे घरात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आलं, तोवर मोठी आई नव्हती. सासरे ते रोज रात्री वाचायचे, वंशावळी वगळून.

अशी उसनवारी शोधायला लागलं की थांबता येत नाही. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन क्रूसावरच्या सात उद्गारांवर मनन करायचं, ही उपासना नगरकडच्या प्रत्येक मंडळीला आपली वाटते. सात वक्ते, सात गीतं, उन्हानं हैराण पोरं. ती सुरू केली पेरूमधल्या लिमा शहरात अलोन्सो मेसिया नावाच्या जेझुइट फादरांनी, १६८७च्या भूकंपानंतर. तिथून ती कॅथलिक जगात पसरली, एकोणिसाव्या शतकात अँग्लिकनांनी उचलली, मग इतरांनी. नानांनी हे ऐकल्यावर बराच वेळ मान हलवली नाही. उलट वसईच्या चर्चमध्ये नाताळाआधी चार रविवार चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र लागतं, ते मूळ कॅथलिक नाही. हॅम्बर्गमध्ये योहान विखर्न हा लुथेरन धर्मशास्त्री अनाथ मुलांचं घर चालवायचा. ‘नाताळ कधी?’ असं मुलं रोज विचारायची, म्हणून त्यानं १८३९ साली गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोज एक पेटवायची. माझ्या धाकट्या जावेला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे पोरांना गप्प करायला काढलेलं आहे होय! मग बरोबर.”

पणजीची गोष्टही अशीच वळसा घालून परत आली. १९६७ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या काही कॅथलिकांनी पेंटेकॉस्टल पद्धतीची प्रार्थना स्वीकारली, आणि कॅरिस्मॅटिक चळवळ जगभरच्या कॅथलिकांत पसरली. आमच्याकडे मैदानात मांडव घालून शिबिर भरलं, नाना तेव्हा मुक्कामाला होते. हात वर करून हजारो लोक एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत होते. नाना कुंपणापाशी उभे राहिले ते हलेचनात. मी गेले तर म्हणाले, “ही माझ्या आईची प्रार्थना. हिच्यासाठी पंचांनी बाबांना बोलावलं होतं.” मोठ्या आईला मात्र तो गलका मुळीच पसंत नव्हता. देव बहिरा नाही, असं तिचं मत.

नागपूरलाही नाना गेले होते, २९ नोव्हेंबर १९७०ला, उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं तेव्हा. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मिळून झालेलं संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्टांतली ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखा, डिसायपल्स, अशी सहा चर्चेस एक झाली. बोलणी १९२९ पासून चालली होती. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या क्षणी बाहेर पडले. सगळ्यांत अवघड गाठ बाप्तिस्म्याची होती. अँग्लिकन तान्ह्या बाळाला देतात, बाप्टिस्ट म्हणतात कळत्या माणसानं स्वतः मागितल्यावरच. तोडगा असा, की दोन्ही रीती राहू द्यायच्या, घरानं ठरवायचं. नाना म्हणायचे, “कोणाला हरवलं नाही म्हणून जमलं.” त्यांच्या काँग्रिगेशनल मंडळीला बिशप मिळाला, त्याचा त्यांना शेवटपर्यंत अवघडलेपणा होता, पाळक मंडळीनं मतं देऊन निवडायचा, साहेबानं वरून पाठवायचा नाही, ही त्यांची शिकवण. पण नोव्हेंबरच्या त्या रविवारी वेगवेगळ्या झग्यांतल्या धर्मगुरूंनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले, ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पुढे मालमत्तेवरून मंडळ्यामंडळ्यांत जे कोर्टकज्जे झाले ते त्यांनी पाहिले. माझं मत त्यांच्यापेक्षा कडवट आहे: आमची चर्चेस गरीब होती तेव्हा एकमेकांकडून भराभर शिकली, जमिनीला भाव आल्यावर शिकणं मंदावलं.

एक गाठ तशीच आहे. मिस्सात ख्रिस्तशरीर घ्यायला रांग लागते तेव्हा प्रॉटेस्टंट माणसाला ते मिळत नाही. हात छातीवर घडी करून गेलं तर फादर आशीर्वाद देतात. नानांच्या मंडळीत प्रभुभोजनाला कुठल्याही चर्चचा बाप्तिस्मा घेतलेला माणूस चालायचा, आणि हा नियम त्यांना जीव की प्राण. माझ्या थोरल्या मुलाच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी घरातले सगळे रांगेत गेले, नाना बाकावर बसून राहिले. जेवताना फादर शेजारी बसले होते. ते म्हणाले, “नाना, आशीर्वादाला तरी यायचं.” नाना म्हणाले, “आशीर्वाद आमचे पाळकसाहेब दर रविवारी देतात. मला भाकर पाहिजे होती.”

फादर समजावू लागले, भाकरीत सहभाग म्हणजे पूर्ण ऐक्य, ते अजून झालं नाही, आधी ऐक्य मग भाकर. नाना म्हणाले, आमच्याकडे उलटं आहे, आधी भाकर. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि ताटातलं गार होत होतं. मोठी आई वाढत होती. ती नानांना म्हणाली, “त्यांना काय सांगता, वर लिहा. तुमच्याकडे सगळ्यांना लिहिता येतं ना?”

नानांनी खरंच लिहिलं. चार फुलस्केप पानं, वचनांच्या संदर्भांसकट. उत्तर एका पानाचं आलं, सभ्य, नानांच्या अक्षराचं कौतुक करणारं.